नदीची सोडत



व्याख्यानमालेच्या पत्रकात माझ्या नावासमोर ‘अमेरिकेच्या पश्चिमेकडील नद्यांवर गळाची सफर’ हा विषय पाहून अनेकांना तो मुद्रकाचा प्रमाद वाटला असेल. कामगार चळवळीतल्या माणसाने महागाईवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. माशांशी त्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो सांगण्यासाठीच मी उभा आहे.

विषय माझ्याकडे आला तो असा. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा डेन्व्हर शहरी नोकरीला असतो. त्याने चार मित्रांसह पाच दिवस नदीतून तराफ्याने जाण्याचा बेत केला आणि त्याची नियमपत्रिका वडिलांना धाडली. वडिलांनी ती माझ्यापुढे टाकली. म्हणाले, “तुम्हाला कलमे वाचायची सवय आहे, बघा यात काय आहे ते.” मी वाचू लागलो आणि वाचतच राहिलो. त्या नद्या मी डोळ्यांनी पाहिलेल्या नाहीत. पण नियमपत्रिका, नकाशे आणि न्यायालयांचे निकाल यांतूनही एखाद्या समाजाची ओळख होते. कधी कधी तर प्रवास करून येणाऱ्यापेक्षा अधिक होते.

आधी ही सफर म्हणजे काय ते सांगतो. माँटाना, आयडाहो, वायोमिंग, कोलोरॅडो, ऑरेगन या राज्यांतल्या डोंगराळ मुलखातून थंड, वाहत्या पाण्याच्या नद्या जातात. काही ठिकाणी दोन्ही बाजूंना उंच कडे आणि मैलच्या मैल रस्ता नाही. रबरी तराफ्यावर तंबू, शिधा, भांडी बांधायची, प्रवाहाबरोबर उतरत जायचे, रात्री काठावर मुक्काम करायचा, आणि दिवसभर ट्राउट जातीचे मासे गळाने धरायचे. हा गळही निराळा. आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात; शिशाच्या वजनाने दोरी लांब जाते. येथे पिसे, केस आणि रेशीम आकड्याला गुंडाळून हुबेहूब माशी तयार करतात. तिला वजन नसते. दोरीच वजनदार असते. काठीच्या झोक्याने ती दोरी हवेत उलगडते आणि टोकाची माशी अलगद पाण्यावर उतरते. मासा फसला तर गळाला लागतो. न फसला तर माणूस पुन्हा झोका देतो. ज्याला घाई आहे त्याने या वाटेला जाऊ नये.

आता बेताकडे वळू. बेताचा पहिला प्रश्न काठी कोणती किंवा माशी कोणती हा नाही. पहिला प्रश्न आहे: नदीवर जाण्याची परवानगी मिळेल काय?

माँटानात स्मिथ नावाची नदी आहे. कॅम्प बेकर येथे तराफा पाण्यात घालायचा आणि ईडन ब्रिज येथे काढायचा. मधले अंतर ५९ मैल, म्हणजे सुमारे ९५ किलोमीटर. आणि या टापूत सार्वजनिक वाट अशी दुसरी नाही. एकदा निघालात की चार-पाच दिवसांनी खालीच बाहेर पडायचे. या नदीवर दिवसाला नऊच तुकड्या सोडतात आणि तुकडीत पंधरांहून अधिक माणसे चालत नाहीत. इच्छा करणारे अर्थातच त्याहून पुष्कळ. मग निवड कशी होते? चिठ्ठ्या टाकून. वर्षाच्या आरंभी अर्ज करायचा, आणि सोडतीत नाव निघाले तर जी तारीख मिळेल ती घ्यायची. आयडाहोतल्या सॅमन नदीच्या मिडल फोर्क या शाखेची हीच रीत. तेथे डिसेंबर-जानेवारीत अर्ज घेतात, उन्हाळ्याच्या मोसमात दिवसाला सातच तुकड्या सोडतात आणि सुमारे शंभर मैलांचा प्रवास आहे. सेलवे नदीवर तर १५ मे ते ३१ जुलै या काळात दिवसाला एकच तुकडी जाते.

सोडत हा शब्द ऐकला की मुंबईकर श्रोत्याला म्हाडा आठवते आणि गिरणी कामगाराला आपले घर आठवते. गिरण्यांच्या जमिनीवरच्या घरांची सोडत आम्ही पाहिली आहे. ज्याचे नाव निघाले त्याच्या घरी पेढे आणि शेजारच्या खोलीत सुतक, असा तो देखावा. म्हणून सोडतीविषयी माझ्या मनात गोडवा नाही. पण या नद्यांचे नियम वाचताना एक भेद माझ्या ध्यानात आला. घरे आणखी बांधता येतात. ती पुरेशी बांधली नाहीत म्हणून सोडत काढावी लागते. ती सोडत कारभाराची नामुष्की आहे. नदी आणखी बांधता येत नाही. ५९ मैलांच्या दरीत एका रात्री जेवढे तंबू मावतील तेवढेच मावतील. जी वस्तू वाढवता येत नाही, ती दोनच प्रकारे वाटता येते: ज्याची थैली मोठी त्याला, नाहीतर ज्याची चिठ्ठी निघेल त्याला. दुसऱ्या पद्धतीत कारखान्याचा मालक आणि कारखान्याचा फिटर यांच्या चिठ्ठ्या एकाच पेटीत पडतात. माझ्या मते हाच न्याय.

हा न्याय पूर्ण आहे असे मात्र समजू नका. या नद्यांवर काही फेऱ्या व्यावसायिक मार्गदर्शकांसाठी राखलेल्या असतात. ज्याला पैसे मोजता येतात तो त्यांच्यामार्फत जातो. तराफा त्यांचा, स्वयंपाक त्यांचा, वल्ही त्यांचीच. म्हणजे मागचे दार आहेच. पण पुढचे दार बंद केलेले नाही, आणि ते उघडे राहावे यासाठी तेथले लोक दरवर्षी भांडत असतात, हे महत्त्वाचे.

तारीख चिठ्ठीने ठरते म्हटल्यावर दुसरा प्रश्न येतो रजेचा. आपल्याला ऐकून नवल वाटेल, पण अमेरिकेत पगारी रजा दिलीच पाहिजे असा राष्ट्रीय कायदा नाही. १९३८ च्या कायद्याने किमान वेतन आणि जादा कामाचा दर ठरवला. रजेबद्दल तो मौन पाळतो. रजा मिळते ती मालकाच्या मर्जीने किंवा युनियनच्या कराराने. आमच्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीतून १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी आली आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने वार्षिक पगारी रजेचा हक्क लिहून दिला. तेव्हा बेत आखताना पहिल्या दिवशी करायची गोष्ट ही की, पाचही जणांनी आपापल्या रजेचा हिशेब मांडावा आणि अर्जात तीच तारीख मागावी, जी सर्वांना साधेल. एकाची रजा नाकारली गेली तर वल्ह्यांची एक जोडी कमी होते.

तिसरा प्रश्न पाण्याचा. आपल्याकडे नदीचे पाणी पावसावर, तिकडे बर्फावर. हिवाळ्यात डोंगरावर बर्फ साचते, मे-जूनमध्ये ते वितळते; तेव्हा नदी फुगते, गढूळ होते आणि माशाला माशी दिसेनाशी होते. त्यानंतर काही आठवडे पाणी नितळ आणि बेताचे असते, तो खरा मोसम. पुढे जुलैत गवताच्या शेतीसाठी पाटांनी पाणी उचलतात आणि स्मिथसारख्या लहान नदीत तराफ्याचे बूड गोट्यांवर घासू लागते. धरणातून इतके क्युसेक विसर्ग सुरू आहे हे आपण पावसाळ्यात रोज वाचतो. त्याच मापाने तेथेही नदी मोजतात. स्मिथ नदी अडीचशे क्युसेकच्या खाली गेली की तराफ्याला अवघड आणि दीडशेच्या खाली हलक्या होडीलाही कठीण, असा ढोबळ हिशेब आहे. मोजमाप केंद्रांचे आकडे रोज सर्वांना पाहता येतात. डोंगरावर बर्फ किती साचले याचे आकडेही सरकार प्रसिद्ध करते. तेव्हा फेब्रुवारीत बर्फ पाहावे, मे महिन्यात प्रवाह पाहावा, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही आकडे पुन्हा पाहावे. मिडल फोर्कवर ऑगस्टमध्ये वरच्या अंगाला पाणी इतके उतरते की पुष्कळ जण लहान विमानाने पंचवीस मैल खाली इंडियन क्रीकच्या धावपट्टीवर उतरून तेथून निघतात.

चौथा प्रश्न सोबत्यांचा, आणि येथे माझा धंदा कामी येतो. तराफ्यावर साधारणतः एक जण वल्हवतो, एक पुढे आणि एक मागे उभा राहून गळ टाकतो. वल्हवणारा प्रवाहाच्या दिशेने तोंड करून बसतो आणि वल्ही उलट ओढतो, म्हणजे तराफ्याचा वेग प्रवाहापेक्षा कमी होतो आणि तो बाजूला सरकवता येतो. वल्हवणाऱ्याला मासा धरता येत नाही. तो नीट वल्हवील तर इतरांची माशी योग्य जागी पडेल. चुकेल तर तिघेही खडकावर. आता सांगा, हे काम कोणी करायचे? पाचांपैकी ज्याला वल्हवता येते त्याच्याकडेच पाचही दिवस वल्ही राहिली, तर तिसऱ्या रात्री चुलीपाशी कोणी कोणाशी बोलणार नाही. म्हणून पाळ्या निघण्यापूर्वी कागदावर लिहाव्या: वल्हवण्याच्या, स्वयंपाकाच्या, भांड्यांच्या आणि त्या चौथ्या कामाच्या, ज्याचे नाव घेताना शिकलेली माणसे चाचरतात. या दऱ्यांत उघड्यावर शौचाला बसायचे नसते. बंद पेटी बरोबर न्यायची आणि भरलेली परत आणायची. मिडल फोर्कवर चुलीसाठी लोखंडी परात सक्तीची आहे आणि राखही मागे ठेवायची नाही. ज्या तुकडीत पेटी उचलण्याची पाळी सर्वांना सारखी येते, त्या तुकडीत बाकीचे तंटे आपोआप मिटतात, असे मी अनुभवाने सांगू शकतो. अनुभव नदीवरचा नसला तरी माणसांचा आहे.

मुक्कामाच्या जागाही मनाला येईल तेथे नाहीत. स्मिथवर निघण्यापूर्वी कॅम्प बेकरला कोणत्या रात्री कोणत्या जागी राहणार ते नोंदवावे लागते. त्यामुळे दिवसाला किती मैल जायचे हे आधी ठरते आणि दोन तुकड्या एकाच काठावर येऊन वाद घालत नाहीत. खाण्याचे सामान अस्वलाला उघडता येणार नाही अशा पेट्यांत ठेवायचे. निघण्याआधी तराफा आणि बूट धुऊन, निथळून, वाळवून घ्यायचे, कारण एका नदीतले परके शिंपले आणि जंतू दुसऱ्या नदीत नेणे हा तेथे मोठा अपराध मानतात; माँटानात तर रस्त्यावरच्या तपासणी नाक्यावर होडी थांबवून दाखवावी लागते. मासे धरण्याचा परवाना प्रत्येक राज्याचा वेगळा. आणि मोटार शेवटच्या टोकाला कोण नेऊन ठेवणार हे आधी ठरवा. नाहीतर पाच दिवसांनी ओले कपडे घालून ईडन ब्रिजवर बसावे लागेल.

पाचवा प्रश्न सर्वांत वादाचा: नदी कोणाची? येथे एका राज्याचा कायदा दुसऱ्या राज्यात चालत नाही. माँटानाच्या १९७२ च्या संविधानाने राज्यातले पाणी जनतेच्या उपयोगासाठी राज्याच्या मालकीचे ठरवले. काही जमीनदारांनी आपल्या शेतातून वाहणाऱ्या नदीवर लोकांना मज्जाव केला, तेव्हा प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८४ मध्ये न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला आणि १९८५ मध्ये तसा कायदा झाला. नेहमीच्या पुराची रेघ जेथवर असते तेथवर माणसाला पाण्यात उतरता येते, चालता येते, गळ टाकता येतो. शेत तुडवता मात्र येत नाही. शेजारच्या वायोमिंगमध्ये १९६१ च्या निकालाप्रमाणे तराफा तरंगत नेण्याचा हक्क आहे, पण पाण्याखालची जमीन खाजगी असेल तर तेथे नांगर टाकणे किंवा उतरून उभे राहणे हे अतिक्रमण. तराफा उथळ जागी अडकला तर ढकलण्यापुरते उतरा, एवढीच सूट. कोलोरॅडोत १९७९ च्या निकालाने तर खाजगी जमिनीवरून वाहणाऱ्या पाण्यावर तरंगण्याचा हक्कही मानला नाही. ऑरेगनमध्ये डेशूट्स नदीच्या खालच्या भागात आणखी निराळे: तेथे तराफ्यावरून गळ टाकण्यास मनाई आहे, तराफा केवळ वाहन, मासा धरायचा तो काठाशी पाण्यात उभे राहून. शिवाय पश्चिमेच्या काठाचा मोठा भाग वॉर्म स्प्रिंग्ज येथील आदिवासी जमातींचा. तेथे उतरायचे तर त्यांचा परवाना पाहिजे. तेव्हा नकाशावर नदीची रेघ पाहून बेत पुरा होत नाही; त्या रेघेच्या दोन्ही काठांची मालकी पाहावी लागते.

मालकीचा विषय निघाला आहे तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या दऱ्या निर्मनुष्य आहेत असे माहितीपत्रकांत लिहितात. त्या पूर्वीपासून निर्मनुष्य नव्हत्या. मिडल फोर्कच्या कड्यांवर जुन्या माणसांनी काढलेली रंगचित्रे आजही दिसतात. तेथे शोशोनी लोकांच्या शाखा राहत होत्या. १८७९ मध्ये सैन्य पाठवून त्यांना हुसकावले. एकांत उपभोगणाऱ्याने त्याची ही किंमत कोणी चुकती केली आहे ते माहीत करून घ्यावे, आणि चित्रांना हात लावू नये.

आता आपल्यापैकी कोकणातले श्रोते केव्हाचे मनात म्हणत असतील, की एवढा खटाटोप करून मासा धरायचा, आणि शेवटी तो पाण्यात सोडून द्यायचा? होय, बहुतेक वेळा सोडायचाच. मिडल फोर्कवर ट्राउट सोडण्याची सक्तीच आहे, आणि आकड्याला उलटा काटा नसावा असाही नियम आहे. हे ऐकून मलाही प्रथम हसू आले. पोटाला आधार असलेल्या माणसाचा हा खेळ आहे, हे खरेच. पण त्यामागचा हिशेब समजून घ्या. माँटानाने १९७४ पासून, जेथे नदीचे मासे नदीतच वाढतात, अशा नद्यांत उबवणीतले मासे सोडणे बंद केले. बाहेरून सोडलेले मासे मूळच्या माशांना जगू देत नाहीत, असे मॅडिसन नदीवरच्या अभ्यासात आढळले होते. म्हणजे आता नदीत जे मासे आहेत ते नदीतच जन्मलेले. दर तुकडीने टोपली भरून नेली तर चौथ्या वर्षी टोपली रिकामी आणि सोडतीलाही अर्थ नाही. म्हणून ओल्या हाताने धरायचा, पाण्याबाहेर क्षणभरच, आणि तोंड प्रवाहाकडे करून सोडायचा.

उन्हाळा कडक झाला की तेवढ्यानेही भागत नाही. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. दमलेला मासा सोडल्यावरही मरतो. म्हणून माँटानात पाण्याचे तापमान तीन दिवस ओळीने ७३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २३ सेल्सिअस, झाले की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवतात. या बंदीला तेथे ‘घुबडाची पाळी’ अशा अर्थाचे नाव आहे, आणि ते नाव आले आहे लाकूडतोड्या कामगारांकडून. विसाव्या शतकाच्या आरंभी कडक उन्हाळ्यात, अवजारांच्या ठिणगीने रान पेटू नये म्हणून त्यांना पहाटेच्या अंधारात, घुबडे घुमत असता कामाला लावीत. कामगारांची पाळी संपली, शब्द उरला, आणि आता तो माशांच्या विश्रांतीसाठी वापरतात. असे शब्द मला पुस्तकातल्या सुभाषितांपेक्षा जास्त शिकवतात. बेतापुरता त्याचा अर्थ असा: ऑगस्टची तारीख मिळाली तर पहाटे उठा, दुपारी सावलीत बसा.

शेवटचा मुद्दा माझ्या चळवळीला टोचणारा आहे. तो टाळणार नाही. त्याच माँटानात ब्यूट आणि अॅनाकाँडा ही तांब्याची शहरे. तेथल्या खाणकामगारांच्या संघटना एके काळी अमेरिकेत गाजल्या. पण खाणींचा विषारी गाळ क्लार्क फोर्क नदीत उतरला. १९०८ च्या महापुराने तो वाहून नव्याने बांधलेल्या मिलटाउन धरणामागे साठला, आणि गाळ उपसून ते धरण हटवायला २००८ उजाडले. शंभर वर्षे. स्मिथ नदीला शीप क्रीक नावाची उपनदी मिळते. तिच्याजवळ तांब्याच्या खाणीला राज्याने २०२० मध्ये परवाना दिला आणि त्यावरून न्यायालयात लढे झाले. मी खाणीच्या कामगाराला ‘घरी बस, मासे वाचव’ असे कधी सांगणार नाही. पण रोजगार आज आणि गाळ शंभर वर्षे, हा सौदा करताना कामगाराला मेजावर बसवलेले नसते, हे मी सांगेन. खाण संपल्यावर मालक दुसऱ्या देशी जातो. कामगाराची नातवंडे त्याच नदीच्या काठी राहतात आणि एखाद्या वर्षी त्यांच्याच नावाची चिठ्ठी निघायची असते.

म्हणून मी म्हणतो, गर्दी नसलेली नदी ही कोणाला सापडलेली वस्तू नाही. ती नियमांनी, न्यायालयांतल्या झगड्यांनी आणि हजारो लोकांनी आपली पाळी येईपर्यंत घरी थांबून राखलेली वस्तू आहे. आपल्यापैकी कोणाचा मुलगा वा मुलगी तिकडे असेल, त्यांना हा बेत जरूर सुचवा. नाव निघाले नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा, म्हणावे. निघाले तर शिधा बेताचा न्यावा, पाळ्या लिहून ठेवाव्या, आणि शेवटच्या सकाळी तंबू उचलल्यावर जागेवरून एक फेरी मारावी. त्याच दिवशी संध्याकाळी मागची तुकडी तेथे उतरणार असते. त्यांनीही वर्षभर वाट पाहिलेली असते.